नीटचा आकडा नेमकं काय मोजतो?

निकालापेक्षा निकालाआधीचे दिवस वाईट असतात. उत्तरतालिका आलेली असते, गुण तीनदा मोजून झालेले असतात आणि दोन प्रश्नांचं घोडं अडलेलं असतं. बरोबर आले तर चार, चुकले तर उणे एक, म्हणजे एका प्रश्नामागे पाच गुणांचा झोका. दोन प्रश्नांचे दहा. पुण्यात सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत, मेसच्या टेबलावर, हॉस्टेलच्या जिन्यात तेव्हा एकच विषय चालतो: कट ऑफ किती जाणार? घरून फोन येतो तोही ‘जेवलास का’पासून सुरू होऊन दुसऱ्या मिनिटाला तिथेच पोहोचतो.

वैद्यकीय प्रवेशाची ही धास्ती खोटी नाही, आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हटल्याने ती जात नाही. २०२५ मध्ये नीट-यूजीला २२ लाखांहून अधिक मुलं बसली. त्यातली सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे ‘पात्र’ ठरलेल्या दहा जणांतही जेमतेम एकाला एमबीबीएसची जागा मिळते. खासगी महाविद्यालयांची वर्षाची फी लाखांत असते, त्यामुळे मध्यमवर्गीय घराचा खरा हिशेब सरकारी जागांपुरताच उरतो. अशा गणितात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची झोप उडाली तर त्यात त्याचा दोष नाही.

पण हे गणित नीट पाहिलं तर त्यातच थोडा दिलासाही सापडतो.

२०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या दोन परीक्षा घ्या. दोन्ही ७२० गुणांच्या. २०२४ मध्ये ६५० पेक्षा जास्त गुण मिळवणारे ३० हजारांहून अधिक होते आणि ६०० च्या वर ८० हजारांच्या आसपास. पहिल्या निकालात तर ७२० पैकी ७२० गुण मिळवणारेच ६७ जण होते. पुढे वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सुधारित निकालात ते १७ वर आले. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर असा काही निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. ६५० च्या वर उरले फक्त ७३ जण आणि ६०१ ते ६५० या पट्ट्यात १,२५९. आदल्या वर्षी ६१० गुण मिळाल्यावर जे मूल उशीत तोंड खुपसून रडलं असेल, त्याच गुणांवर पुढच्या वर्षी ते देशातल्या पहिल्या दीड हजारांत बसलं असतं. एका वर्षात मुलांची बुद्धी घटली नव्हती, बदलला होता तो पेपर. म्हणून क्लासच्या चाचणीत ५४० पडले की ‘माझं काही होणार नाही’ असं ठरवून मोकळं होण्यात अर्थ नसतो. नुसत्या गुणांना अर्थ नाही, आणि रँक तर इतरांनी काय केलं यावरच अवलंबून असते.

महाराष्ट्रात ही मोजपट्टी किती वेळा बदलली हे आजच्या मुलांना फारसं माहीत नसतं. आज साठीच्या आसपास असलेल्या बहुतेक डॉक्टरांना बारावीच्या पीसीबीच्या, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या, गुणांवर प्रवेश मिळाला. त्यानंतर राज्याची सीईटी आली. नीट पहिल्यांदा झाली २०१३ मध्ये. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१६ मध्ये ती परतली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातला जागावाटपाचा ७०:३० हा नियम २०२० मध्ये सरकारने रद्द केला आणि त्याबरोबर किती तरी घरांचे हिशेब उलटेपालटे झाले. यातल्या प्रत्येक काळात ‘आत’ गेलेल्यांमधून उत्तम डॉक्टरही निघाले आणि सुमारही.

प्रवेशाच्या चाळणीचा आणि डॉक्टर म्हणून होणाऱ्या कामाचा संबंध किती, याची एक गमतीशीर कसोटी अमेरिकेत आपसूक लागली होती. १९७९ मध्ये टेक्सास राज्याच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जागा १५० वरून २०० करायला सांगितलं, तेही प्रवेशप्रक्रिया संपत आल्यावर. महाविद्यालयाने मुलाखती घेतलेल्या सुमारे ८०० उमेदवारांची क्रमवारी लावलेली होती. पहिले दीडशे वरच्या साडेतीनशेमधून भरले होते. नवे पन्नास आणायचे कुठून? चांगले उमेदवार तोवर इतरत्र गेले होते. शेवटी यादीच्या तळातून, ७०० ते ८०० या क्रमांकांतून, पन्नास जण घ्यावे लागले. ज्यांना आधी स्पष्ट नकार मिळाला होता तेच हे. या मुलांचं पुढे काय झालं हे १९८७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. परीक्षा, रुग्णालयातलं काम, मध्येच शिक्षण सोडण्याचं प्रमाण, कशातही दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

या दाखल्याचा ताण फार ओढू नये. तिथली क्रमवारी मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांवर ठरली होती, आपल्याकडे ती पूर्णपणे लेखी परीक्षेवर ठरते. शिवाय तळातले तेही पदवी घेऊन, चाचणी देऊन तिथवर पोहोचलेले होते. नीटमध्ये १०० गुण मिळालेला आणि ६०० मिळालेला सारखेच, असं यातून निघत नाही. जागा थोड्या आणि लायक उमेदवार फार असतात तेव्हा कुठे तरी रेघ ओढावीच लागते, आणि रेघेच्या अलीकडच्या व पलीकडच्या मुलांमध्ये वैद्यक शिकण्याच्या कुवतीचा फरक फार नसतो, एवढं मात्र निघतं. रेघेच्या दोन गुण खाली राहिलेल्या मुलाला हे कुणी तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. सहसा सांगत नाहीत.

ही गोष्ट पुण्यातल्या काही वैद्यकीय विद्यार्थ्यांना लवकर उमगली असावी. ससून रुग्णालयाला जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या डॉ. अतुल ढाकणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ नावाचा उपक्रम सुरू केला. क्लासची फी ज्यांना झेपत नाही अशा मुलांना नीटसाठी विनामूल्य शिकवायचं, आणि शिकवणारे कोण, तर स्वतः एमबीबीएस करणारी मुलंमुली. पुढे त्यांनी मेळघाटातल्या आणि भामरागडच्या आदिवासी मुलांसाठी वेगळी तुकडी काढली. बिरसा मुंडा यांच्या उठावाची आठवण ठेवून तिचं नाव ठेवलं ‘उलगुलान’. घरी कोरकू किंवा माडिया बोलणारी, शाळेत मराठीतून शिकलेली ही मुलं. क्लासमधली पहिली अडचण भौतिकशास्त्राची नव्हे, भाषेची. त्यांच्यातल्या काहींनी नीटचा टप्पा ओलांडून वैद्यकीय शिक्षणात प्रवेश मिळवला. घरात, कधी कधी गावातही, त्यांच्याआधी डॉक्टर झालेलं कुणी नव्हतं.

या उपक्रमातली मोलाची गोष्ट फुकट शिकवणीच्या पलीकडची आहे. शिकवणारा कालपरवाच त्याच परीक्षेतून गेलेला असतो. कुठल्या प्रकरणात आपण अडलो होतो, कुठल्या महिन्यात सगळं सोडून घरी जावंसं वाटलं होतं, हे त्याला आठवत असतं. मोठ्या क्लासच्या जाहिरातीत वरच्या रँकचे फोटो असतात, पण त्यातल्या कुणी किती वेळा हात टेकले होते ते नसतं. घाबरलेल्या मुलाने म्हणूनच एखादा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एमबीबीएसचा विद्यार्थी गाठावा. पुण्यात बी. जे. आहे, लष्कराचं एएफएमसी आहे, महापालिकेचं २०२२ मध्ये सुरू झालेलं महाविद्यालय आहे, खासगी आणि अभिमत विद्यापीठांची आहेत. ओळखीतून अशी व्यक्ती भेटणं या शहरात अवघड नाही. आणि विचारायचं काय? ‘किती तास अभ्यास केलास’ हे मुळीच नको. ‘चाचणीत गुण कोसळले तेव्हा काय केलंस’ हे विचारावं.

आता भीतीकडे वळू. पेपर हातात आल्यावर छाती धडधडते, तळवे ओले होतात, तोंडाला कोरड पडते. अॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल रक्तात वाढल्याची ही लक्षणं. शरीर धोक्याला तोंड द्यायला सज्ज होत असतं. थोडी सज्जता उपयोगीच पडते. अडचण होते ती मन त्या धडधडीचा अर्थ ‘मी संपलो’ असा लावतं तेव्हा. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या मेंदूच्या ज्या तात्पुरत्या फळ्यावर धरून ठेवाव्या लागतात, त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही फळी लहान असते. तिच्यावर ‘आई काय म्हणेल’, ‘पुन्हा एक वर्ष’ अशी वाक्यं लिहिली गेली की लेन्सच्या सूत्राला जागाच उरत नाही. पाठ केलेलं ‘ब्लँक’ होतं ते असं. माहिती पुसली गेलेली नसते, फक्त फळा भरून गेलेला असतो.

अमेरिकेत जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जीआरईची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सराव परीक्षेआधी दोन-तीन वाक्यं सांगितली: परीक्षेत अस्वस्थ वाटलं तर ते वाईट नाही, उलट अशी अस्वस्थता कामगिरीला मदत करते. ज्यांना हे सांगितलं त्यांना गणिताच्या भागात इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले, आणि पुढे प्रत्यक्ष परीक्षेतही तो फरक दिसला. दुसरा प्रयोग ‘सायन्स’मध्ये २०११ मध्ये आला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्याला कशाची भीती वाटते ते कागदावर उतरवायला सांगितल्यावर जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. नंतरच्या काही प्रयोगांत इतका फायदा दिसलेला नाही, त्यामुळे हा रामबाण समजू नये. पण दहा मिनिटं आणि एक कोरा कागद एवढाच खर्च आहे. घरच्या सराव चाचणीआधी करून पाहावा, जमला तर ठेवावा.

अभ्यासाच्या पद्धतीतही बहुतेक मुलं स्वतःला उगाच घाबरवतात. एनसीईआरटीचं जीवशास्त्राचं पुस्तक पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुस्तक मिटून आठवणं जड जातं, मध्येच अडायला होतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. पण तसं अडण्यातूनच लक्षात राहतं. त्या दिवशी अभ्यास वाईट झाला असं वाटणारी मुलं बऱ्याचदा त्याच दिवशी खरी शिकलेली असतात.

झोपेवर काट मारणं हा आणखी एक आवडता उपाय. दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, हे आता चांगलंच प्रस्थापित आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते असं झोपतज्ज्ञ सांगतात. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सहाची बॅच गाठणाऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं कौतुकाने पाहण्याची आपल्याकडची सवय सुटायला हवी. शिवाय परीक्षा दुपारी असते. शेवटच्या महिन्यात तरी मेंदू दुपारी दोन ते पाच टवटवीत राहील असा दिनक्रम हवा. नेमक्या त्या वेळी डुलकी घ्यायची सवय लागलेल्यांनी ती आधीच मोडावी.

पेपरमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं. अनोळखी प्रश्नापुढे ‘मारू की सोडू’ ही घालमेल मुलांचा फार वेळ खाते, म्हणून तिचा हिशेब आधीच करून ठेवावा. चारपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल तर आंधळ्या अंदाजाने सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे न मिळाल्यासारखाच. त्यात वेळ घालवू नये. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर सरासरी सुमारे पाऊण गुण, दोन बाद झाले तर दीड. दोनांत अडलं असेल तर उत्तर द्यावं, हे गणिताने सिद्ध आहे. हा नियम घरी ठरवून गेलेल्या मुलाला परीक्षागृहात शंभर वेळा निर्णय घ्यावा लागत नाही.

सगळं करूनही जागा मिळाली नाही तर? पुण्यात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे: ‘रिपीट कर.’ नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही आता उरलेली नाही. बी.एस्सी. करतानाच परत परीक्षा देणारी मुलं या शहरातल्या महाविद्यालयांत कमी नाहीत. अमेरिकेत चार वर्षांची पदवी घेतल्यावरच वैद्यकीय महाविद्यालयाचा अर्ज भरतात, त्यामुळे वीस-एकवीस म्हणजे काही उशीर नव्हे. तरी पुन्हा बसावं की नाही हे भावनेवर ठरवू नये. चाचण्यांचा आलेख शेवटच्या तीन-चार महिन्यांत चढता होता का? आजारपण, भाषा, एकाच विषयातला कच्चेपणा असं बोट ठेवता येईल असं कारण सापडतं का? सापडत असेल तर दुसरं वर्ष सार्थकी लागण्याची शक्यता असते. कारणच सांगता येत नसेल आणि मन फक्त ‘लोक काय म्हणतील’ म्हणून परत बसायला सांगत असेल, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधी थांबून विचार करावा. आणि रिपीट करायचंच असेल तर हाताशी एखादा प्रवेश ठेवून करणं अधिक शहाणपणाचं. रिकामं वर्ष मनावर फार जड होतं.

रुग्णांच्या जवळ राहण्याच्या वाटा एमबीबीएसवर संपत नाहीत. दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग या स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या विद्या आहेत. ‘एमबीबीएस नाही म्हणून’ असं तोंड पाडून त्यात जाणाऱ्याला तिथेही सुख लागत नाही. ज्यांना आजाराचं कोडं सोडवण्यात रस आहे पण रक्त बघवत नाही, त्यांच्यासाठी पाषाणला आयसर आहे. आपल्याला डॉक्टर व्हायचंय ते नेमकं कशासाठी, याचं उत्तर सतराव्या वर्षी पक्कं नसतं, त्यात गैर काही नाही. पण एकदा तरी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर तासभर बसून पाहावं. तिथली रांग आणि रांगेतली माणसं काही मुलांना आणखी ओढून घेतात, काहींना वेगळ्या दिशेने पाठवतात.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्था आणि क्लास यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. गुणांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असं त्यात आहे. फी भरताना पालकांनी याची चौकशी करायला हरकत नाही. ‘समुपदेशक कोण, आठवड्यातून किती दिवस येतात?’ हा प्रश्न निकालाच्या टक्केवारीइतकाच महत्त्वाचा आहे. घरात मूल जेवेनासं झालं, मित्रांचे फोन उचलेनासं झालं, आपण ओझं आहोत अशा अर्थाचं बोलू लागलं, आपल्या आवडत्या वस्तू वाटू लागलं, तर ‘परीक्षा झाली की होईल ठीक’ म्हणून वाट पाहू नये. थेट, शांतपणे विचारावं. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन पालकांनी केला तरी चालतो.

उरलं काम कागदपत्रांचं. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून दार बंद झालं असं समजणारी मुलं दर वर्षी असतात. प्रवेशाच्या फेऱ्या अनेक होतात. अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के आणि राज्याच्या ८५ टक्के जागांच्या प्रक्रिया वेगळ्या चालतात, वरची मुलं एका यादीतून दुसरीकडे सरकतात आणि मागे जागा मोकळ्या होतात. शेवटच्या फेरीपर्यंत टिकलेल्यांना त्या मिळतात, अट एकच, कागद हातात हवेत. अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तिथे जातवैधता आणि नॉन क्रीमी लेयर, या तिन्हींना सरकारी कार्यालयात वेळ लागतो. निकालाची वाट पाहत हात चोळत बसण्यापेक्षा त्या आठवड्यांत घरातल्या कुणी तरी हे अर्ज मार्गी लावावेत. मुलाला रांगेत उभं करायची गरज नाही, बाबा किंवा काका गेले तरी काम होतं.